औषध की प्रसाद? घरगुती आयुर्वेदिक वस्तूंच्या जाहिराती आणि त्यांचे नियम

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मृग निघाला की नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर दम्याच्या रुग्णांची रीघ लागते. तेलुगू शेजारी या दिवसाला मृगशिरा कार्ती म्हणतात. बथिनी गौड कुटुंबातील मंडळी बोटाएवढ्या जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळसर लेप भरतात आणि मासा थेट रुग्णाच्या घशात सोडतात. मासे न खाणाऱ्यांना तोच लेप गुळातून मिळतो. कुटुंब पैसे घेत नाही. मासा तेवढा मैदानावरच्या मत्स्य विभागाच्या काउंटरवरून विकत घ्यायचा. ही परंपरा १८४५ पासूनची, जुन्या शहरातल्या दूधबावलीच्या घरातली, असे कुटुंबीय सांगतात. करोनाच्या काळात ती थांबली होती, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली.

आपल्या मंडळींपैकी अनेकांनी, निदान गावाकडून आलेल्या पाहुण्यांना घेऊन, ती रांग पाहिली असेल. या लेखाला हवी असलेली गोष्ट मात्र रांगेत नाही, नावात आहे. पूर्वी याला सर्रास ‘चेप मंदु’, म्हणजे माशाचे औषध, म्हणत. जनविज्ञान वेदिकेसारख्या संस्थांनी आक्षेप घेतले, वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि ‘औषधा’चे ‘प्रसादम्’ झाले. लेप तोच, मासा तोच, रांगही तीच. बदलला तो शब्द.

शब्दाला एवढे महत्त्व का, हे समजले तर आपल्या सभासदांची नेहमीची तक्रारही समजते. घरी उटणे, केसांचे तेल, मोरावळा, काढ्याची पुडी करून विकणारी बरीच कुटुंबे आपल्यात आहेत. दिवाळीच्या तोंडावर समाजमाध्यमावर हजार-दोन हजार रुपये घालून जाहिरात द्यावी, तर ती तासाभरात नामंजूर होते. कारण म्हणून एक ठरावीक ओळ येते, तीही यंत्राने लिहिलेली. दोन-तीनदा असे झाले की खात्यावरच बंधन येते. आणि त्याच पडद्यावर, खाली दोन बोटे सरकवली की, एखाद्या नामवंत डॉक्टरचा बनावट चेहरा आणि आवाज वापरून ‘सात दिवसांत साखर गायब’ सांगणारी चित्रफीत बिनदिक्कत चाललेली असते. चीड येते ती इथे, आणि ती रास्त आहे.

पण नियम कोणाचे, हे आधी वेगळे करू. सगळ्यात जुना आहे तो १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्याच्या परिशिष्टात चौपन्न आजारांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, मोतीबिंदू, फेफरे, कोड, लठ्ठपणा हे त्यातलेच. या आजारांचे निदान, बरे करणे, उतार पडणे किंवा प्रतिबंध यांसाठी अमुक औषध वापरा, अशी जाहिरात करता येत नाही. औषध खरोखर गुणकारी आहे की नाही हा प्रश्न इथे येतच नाही. दम्यावर रामबाण चूर्ण तुमच्याकडे असले तरी चौकात उभे राहून तसे सांगायचे नाही.

‘आम्ही कुठे जाहिरात केली, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले’ असे म्हणणाऱ्यांनी या कायद्यातली जाहिरातीची व्याख्या वाचावी. सूचनापत्र, लेबल, वेष्टन तर त्यात आहेच. शिवाय तोंडी केलेली आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही आहे. धुराने औषधाची जाहिरात कोण करत होते देव जाणे, पण १९५४ साली कायदा लिहिणाऱ्याने एवढी मोठी झोळी शिवून ठेवली की मोबाईलचा पडदा त्यात आपसूक मावतो. ताईत, मंत्र, कवच हेही ‘जादूटोण्याचे उपाय’ म्हणून त्यात आहेत. त्यामुळे ‘प्रसाद’ म्हटले की सगळे सुटते, असे समजून कोणी आपल्या काढ्याला प्रसाद म्हणू नये.

तेलंगणचे औषध नियंत्रण प्रशासन हा कायदा प्रत्यक्ष वापरते. अलीकडच्या वर्षांत लेबलावर मूतखडा, मधुमेह, संधिवात बरा करण्याचा दावा छापलेली आयुर्वेदिक औषधे जप्त केल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचल्या आहेत. माल भेसळीचा नसतानाही केवळ छापलेल्या ओळीमुळे तो जप्त होऊ शकतो.

दुसरा थर ग्राहक संरक्षण कायद्याचा, २०१९ चा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला, तसेच ती वस्तू वाखाणणाऱ्यालाही, दहा लाखांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तेच केले तर पन्नास लाखांपर्यंत. मोरावळा, गुलकंद अशा खाद्यपदार्थांवर अन्न सुरक्षा कायद्याचीही नजर असते. खाद्यपदार्थ आजार बरा करतो, असे म्हणण्याची तिथे मुभा नाही.

तिसरा थर कंपन्यांच्या स्वतःच्या नियमांचा, आणि आपली माणसे अडकतात ती बहुधा इथे. उदाहरणार्थ, फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या जाहिरात धोरणात वाचणाऱ्याच्या प्रकृतीविषयी थेट विधान चालत नाही. ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ एवढा साधा प्रश्नही त्यात बसत नाही, कारण माणसाचा आजार कंपनीला ठाऊक आहे असा त्यातून भास होतो. वजन उतरल्याचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो हेही अडचणीचे. आपल्याकडे ‘गुडघे दुखतात का हो?’ हे आपुलकीने विचारायचे वाक्य आहे. यंत्राला ते आगाऊपणाचे वाटते. यंत्र शब्द पकडते, हेतू पकडत नाही. प्रामाणिक माणूस ‘मधुमेह’ असा सरळ शब्द लिहितो आणि सापडतो. लबाड माणूस ‘गोड रोग’ लिहितो, अक्षरांमध्ये टिंबे घालतो, पकडले गेले की नवे खाते उघडतो. नियमांचा बोजा अशा रीतीने चुकीच्या खांद्यावर पडतो, हे माझे स्पष्ट मत आहे.

तरी नियमच नकोत, हे मात्र मला पटत नाही. काढ्याने काही बिघडत नाही, असे आपण म्हणतो. पण बिघडते ते काढ्याने नव्हे, काढ्याच्या भरवशावर बंद केलेल्या गोळीने. दम्याच्या माणसाने इनहेलर बाजूला ठेवला, मधुमेही आजोबांनी इन्सुलिन सोडले, तर किंमत जाहिरात देणारा मोजत नाही.

मोठ्यांचेही फार वेगळे झालेले नाही. पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध भारतीय वैद्यकीय संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने कायद्यात नमूद आजारांवरच्या औषधांची जाहिरात करण्यास कंपनीला मनाई केली, आणि पुढे वर्तमानपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. त्याच सुनावणीत ‘नियम १७०’ गाजला. आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधाची जाहिरात राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून आधी मंजूर करून घ्यावी, असा तो २०१८ चा नियम. आयुष मंत्रालयाने १ जुलै २०२४ ला तो वगळला, ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये प्रकरण बंद होताना स्थगितीही उठली. नियम असा येत-जात राहिला, तरी १९५४ चा कायदा जागचा हललेला नाही. ‘आता सगळे मोकळे झाले’ असा निरोप कोणी पुढे पाठवला तर विश्वास ठेवू नका.

मग लिहायचे काय? वस्तूचे वर्णन लिहा: कशाची केली, कशी केली, कधी केली, किती टिकेल, किंमत काय. ‘तिळाच्या तेलात ब्राह्मी आणि माका घालून मंद आचेवर केलेले केसांचे तेल’ यात अडण्यासारखे काही नाही. ‘टक्कल घालवणारे तेल’ यात आहे. ‘सुंठ, मिरी, तुळशीच्या काढ्याची पुडी’ चालेल; ‘दम्यावर गुणकारी’ जोडले की चालत नाही, मग गिऱ्हाईकाने स्वतःहून तसे लिहून दिलेले असो. तो अभिप्राय तुम्ही जाहिरातीत वापरला की तो तुमचाच दावा धरला जाऊ शकतो. आणि विक्रीआधी परवान्याचे बघा: औषध म्हणून विकायचे तर औषध परवाना, तेल-उटण्याला सौंदर्यप्रसाधनाचा, खाद्यपदार्थाला अन्न सुरक्षेची नोंदणी.

आपल्यातील नोंदणीकृत वैद्यांसाठी कायद्यात थोडी वाट आहे. स्वतःच्या दवाखान्यावर अमुक आजारावर इथे उपचार होतात, अशी पाटी लावता येते. शास्त्रीय किंवा सामाजिक दृष्टीने लिहिलेल्या प्रामाणिक पुस्तकालाही आडकाठी नाही.

जाहिरात नामंजूर झाली तर लगेच तीच पुन्हा टाकू नका, त्याने खाते धोक्यात येते. आधी शब्द बदला. शब्द निर्दोष असतील तर फेरतपासणी मागा. आणि ती बनावट डॉक्टरची चित्रफीत दिसली, तर नुसते चडफडण्यापेक्षा तिचा स्क्रीनशॉट आणि दुवा जपून ठेवा. ग्राहक व्यवहार विभागाची राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.