मोटारसायकलची शर्यत : रस्त्यावर नव्हे, पटावर!



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरातले पोट्टे मोटारसायकलचा हट्ट धरतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. गाडी दारात आली की आठ दिवसांत आमगाव नाहीतर तिरोडा रस्त्यावर मित्राशी पैज लागते. म्हणून या अंकात आम्ही खऱ्या शर्यतीविषयी चार शब्द लिहीत आहोत.

मोटारसायकलींची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आपल्या देशात होते. तिच्या कित्येक गटांत, दुकानात मिळते तीच १५०-१६० सीसीची गाडी थोडी बदलून पळवतात. नांगराचीच जोडी पटावर आणावी, तसे हे! दिवे, आरसे, स्टँड काढायचे, हँडल खाली घ्यायचे, पाय ठेवायचे दांडे मागे सरकवायचे, चेनची चक्रे मार्गाप्रमाणे बदलायची. इंजिनच्या तेलाचा बोल्ट तारेने बांधतात, कारण थोडे तेल सांडले तरी मागून येणारा घसरतो. इंजिनात कुठवर हात घालायचा तेही नियमाने ठरलेले असते. नियम मोडला तर जिंकलेलाही बाद!

आपल्या बिरसीसारखीच महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी मद्रासजवळ शोलावरमला होती. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे अनेक वर्षे शर्यती भरवल्या. पुढे १९९० साली श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे सुमारे ३.७ किलोमीटरचा खास मार्ग सुरू झाला. राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथे आणि कोइमतूरच्या कारी मार्गावर झाल्या आहेत. मुलींचाही स्वतंत्र गट आहे. आपल्या महाराष्ट्रातला, पुण्याचा सार्थक चव्हाण अशा मार्गांवरच तयार झाला.

तिथे सगळे एकाच दिशेने पळतात. समोरून बस येत नाही, मध्येच गुरे येत नाहीत. वळणावळणावर झेंडेवाले उभे, रुग्णवाहिका तयार, अंगात चामड्याचा पोशाख. आणि आपला रस्ता? गळिताच्या हंगामात रात्री वळणावर उसाची ट्रॉली उभी असते, मागे लाल दिवा नाही की चकाकणारी पट्टी नाही. ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या पोराला ती दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

कायदाही कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा आमची विनंती एवढीच : गाडीबरोबर हेल्मेट घ्या, ट्रॉलीला मागून चकाकणारी पट्टी लावा. आणि पोराच्या अंगात खरीच रग असेल तर त्याला रागे न भरता मार्गावरच्या प्रशिक्षण वर्गाची चौकशी करा. शर्यतीचा परवाना फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया देते. उद्या आपल्या सभासदाचा मुलगा किंवा मुलगी तिथे पळाली, तर त्यांचा फोटो आम्ही याच पानावर हौसेने छापू!