चाक वरून चमकते, आतून कसे आहे?

मृगाचा पाऊस सुरू झाला की शेतकऱ्याच्या घरात एकच धांदल उडते. बी-बियाणे, खते, औषधे आणायला तालुक्याला फेऱ्या होतात आणि त्यातल्या बहुतेक घरच्या मोटारसायकलवरच होतात. बैलाच्या खुराला चिखल्या झाल्या तर आपण लगेच बघतो. पण मोटारसायकलच्या चाकाला गंज चढला तर "पावसाळा आहे, चालायचेच" म्हणून सोडून देतो. हे सोडून देणे एखाद्या दिवशी महागात पडते.

अलीकडे पुष्कळ गाड्यांना ॲल्युमिनियमची अलॉय चाके येतात. त्यांना लाल गंज चढत नाही. परंतु तारांची, क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी चाकेही गावोगावी भरपूर आहेत. कोकणासारख्या भागात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवाही खारी. तिथे अशा चाकांची काळजी घ्यावीच लागते.

गंज येतो कुठून?

क्रोमला स्वतःला गंज चढत नाही. मग लाल ठिपके कसले? रिम असते पोलादाची. तिच्यावर आधी निकेलचा थर देतात आणि त्यावर क्रोमचा. हा क्रोमचा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. निकेललाही जिथे भोक किंवा ओरखडा पडला, तिथून पाणी आत शिरते आणि खालचे पोलाद गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो आणि वरच्या मुलाम्याचे पापुद्रे उचलतो.

मीठ आणि खत या कामाला घाई करतात. खताची गोणी फुटून दाणे रिमवर पडले, सुक्या मासळीचे पाणी गळले किंवा समुद्रकाठच्या रस्त्याने गाडी गेली, तर त्याच दिवशी चाक साध्या पाण्याने धुवावे. गाडी गोठ्यात लावू नये. तिथली ओल आणि गोमूत्र दोन्ही लोखंडाला वाईट. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधू नये, आतली वाफ आतच कोंडते. वारा खेळेल अशा पडवीत गाडी लावावी.

काय करू नये?

घरातल्या भांड्यांची रीत चाकाला लावू नका. राख, वाळू, विटेचा चुरा किंवा सँडपेपर यांनी घासले की गंज जातो, पण मुलाम्यावर ओरखडे पडतात आणि पुढच्या पावसात दुप्पट गंज येतो. संडास धुण्याचे ॲसिड तर मुळीच वापरू नये, ते क्रोमच खाऊन टाकते. गाडीतून काढलेले जळके ऑइलही चोपडू नये. त्यात आम्लाचा अंश असतो आणि धूळही चिकटते.

काय करावे?

पोळ्या गुंडाळण्याचा चंदेरी फॉइल कागद घ्या. चाक साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. फॉइलचा लहानसा बोळा पाण्यात बुडवून ठिपक्यांवर हलक्या हाताने फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही आणि वरवरचा गंज निघून जातो. मग स्वच्छ पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि तासभर उन्हात किंवा वाऱ्यावर ठेवा. शेवटी गाडीचे मेण-पॉलिश किंवा व्हॅसलीन यांचा अगदी पातळ हात द्या. पावसाळ्यात दर पंधरवड्याला हे करावे. घरातली शाळकरी मुलेही हे काम हौसेने करतील.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. मेण किंवा तेल टायरला आणि ब्रेकला लागू देऊ नका, गाडी घसरेल. आणि इंजिन चालू ठेवून, फिरते चाक पुसण्याचा मोह टाळा. साखळीत सापडून बोटे तुटतात. इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवत पुसावे.

खरा धोका आत असतो

आतापर्यंत सांगितले ते दिसणाऱ्या गंजाचे. पण "वरून कीर्तन, आतून तमाशा" ही म्हण या चाकाला तंतोतंत लागू पडते. तारांच्या भोकांतून पाणी रिमच्या आत जाते आणि टायरखाली साचून राहते. तिथे ना ऊन ना वारा. गंजाचे कण ट्यूबला टोचून पुन्हा पुन्हा पंक्चर होते, निपल गंजून तारा ढिल्या पडतात आणि रिम पातळ होत जाते. मागे बायको, पुढे मूल आणि हँडलला पिशव्या अशी भरली गाडी खड्ड्यात आदळली, तर असे चाक दगा देऊ शकते.

म्हणून पुढच्या वेळी पंक्चर काढायला गेलात की मेकॅनिकला सांगा, "तारांवरची रबरी पट्टी काढून रिम आतून दाखव." साधा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून, पूर्ण वाळवून, रेड ऑक्साइडचा हात द्यावा. तो वाळल्यावर नवी पट्टी बसवावी. पण लोखंडाचे पापुद्रे सुटत असतील, निपलभोवती चीर दिसत असेल किंवा खिळ्याने टोचल्यावर पत्रा दबत असेल, तर ती रिम बदलाच. पुन्हा मुलामा देऊन ती मजबूत होत नाही, फक्त दिसायला नवी होते.

घरीही एक परीक्षा करता येते. चाक उचलून प्रत्येक तारेवर पान्याने हलकेच टिचकी मारा. घट्ट तार टणटणीत वाजते, ढिली बद्द आवाज करते. बद्द आवाज आला किंवा चाक फिरताना डोलले, तर आऊट काढून तारा नीट करून घ्या.

पेरणीआधी तिफणीचे फण तपासणे हा आपला जुना शिरस्ता आहे. आता तिफणीबरोबर मोटारसायकलही शेतीच्या कामाला जुंपली गेली आहे. तेव्हा पावसाआधी एकदा आणि दिवाळीआधी एकदा तिचीही चाके उघडून बघा. नव्या रिमचा खर्च पुढच्या हंगामात भरून निघेल. घरचे माणूस अंथरुणाला खिळले तर ती भरपाई होत नाही.