चलान आलं, आता कोर्टाचा कागद कुठे शोधायचा?

मोबाइलवर चलानाचा मेसेज आला की आधी त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. अशा बनावट लिंकांनी अनेकांची खाती रिकामी केली आहेत. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जा. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसतं. फोटोही नीट पाहा. गाडी तुमची नसेल, तर दंड भरण्याआधी तिथेच तक्रार नोंदवा.

दारू पिऊन गाडी चालवणं (मोटार वाहन कायद्याचं कलम १८५) यासारखा गुन्हा जागेवर तडजोडीने मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. न भरलेली साधी चलानंही पुढे न्यायालयाकडे जाऊ शकतात. नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला २०२० मध्ये वाहतूक चलानांसाठी आभासी न्यायालय सुरू झालं.

खटल्याची नोंद ई-कोर्ट्‌स सेवेत मिळते. सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक असेल तर काम सोपं. नसेल तर जिल्हा, न्यायालय आणि पक्षकाराचं नाव टाका. मराठीत लिहिलेलं नाव इंग्रजीत वेगवेगळ्या स्पेलिंगने चढतं, म्हणून दोन-तीन प्रकारे शोधून पाहा. वाहतुकीचे खटले बहुधा ‘एस.सी.सी.’ (समरी क्रिमिनल केस) या प्रकारात सापडतात. सही-शिक्क्याची प्रत मात्र कोर्टाच्या नक्कल विभागाकडे अर्ज करून, शुल्क भरून घ्यावी लागते. दंड भरल्याची पावती जपून ठेवा. गाडी विकताना जुनं चलान निघालं, तर तीच उपयोगी पडते.