छायाचित्रातील कोडे : आकाशातून टिपलेल्या चित्रांचे वाचन

मे २००० मध्ये अमेरिकेने आपल्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संदेशात हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची उणीव दूर केली. लगेच दुसऱ्या दिवशी ऑरेगन राज्यातील एका गृहस्थाने एक डबा रानात ठेवून त्या जागेचे अक्षांश व रेखांश जाहीर केले. यातून जिओकॅशिंग हा शोधाचा खेळ जन्मास आला. या खेळाच्या एका प्रकारात जागेचे आकडे सरळ दिलेले नसतात. एखादे कोडे सोडवून ते मिळवावे लागतात. कधी लष्करी विमानाने घेतलेले एखादे जुने छायाचित्र हेच कोडे असते. त्यातील रस्ते, सावल्या आणि इमारती यांवरून जागा ओळखावयाची, अशी त्यात अपेक्षा असते.

आज जो मनोरंजनाचा विषय आहे तो दुसऱ्या महायुद्धात सहस्रावधी माणसांच्या जीविताचा प्रश्न होता. ते कोडे कसे सोडविले जात असे, याचा आपण येथे विचार करू.

प्रमाण, सावली आणि दोन डोळे

आकाशातून छायाचित्र घेण्याची कल्पना जुनी आहे. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ मध्ये बलूनमधून पॅरिसजवळील प्रदेशाचे छायाचित्र घेतले होते. पहिल्या महायुद्धात अशा चित्रांवरून खंदकांचे नकाशे तयार होऊ लागले. परंतु १९३९ नंतर या विद्येला खरी गती मिळाली. ब्रिटिशांनी स्पिटफायर विमानांतील तोफा काढून त्या जागी कॅमेरे व जादा इंधन भरले. शस्त्रहीन झालेल्या या विमानाचे संरक्षण त्याचा वेग आणि उंची एवढेच होते.

अशा चित्रात किती दिसते, हे साध्या गणिताने समजते. कॅमेऱ्याच्या भिंगाचे केंद्रांतर भागिले विमानाची उंची म्हणजे चित्राचे प्रमाण. समजा, केंद्रांतर ३६ इंच, म्हणजे ३ फूट आहे आणि विमान ३०,००० फुटांवर आहे. तर प्रमाण १ : १०,००० येईल. म्हणजे जमिनीवरील १० मीटर लांबीची भिंत चित्रात केवळ १ मिलिमीटर भरेल. शत्रूची गुपिते अशा मिलिमीटराच्या अंशांत दडलेली असत.

अंतर मोजता आले तरी उंची कशी मोजावी? येथे सावली उपयोगी पडते. दिवस, वेळ व ठिकाण ठाऊक असल्यास सूर्य क्षितिजापासून किती अंश वर होता हे काढता येते. सूर्य ४५ अंशांवर असेल तर वस्तूची उंची सावलीच्या लांबीइतकीच असते. तो त्याहून खाली असेल तर सावली उंचीपेक्षा लांब पडते. सरळ वरून पाहता धुराडे हा केवळ एक ठिपका असतो. त्याची ओळख त्याची सावली पटवून देते. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी, की सावल्या आपल्याकडे पडतील अशा रीतीने चित्र धरले नाही तर डोळ्यास भ्रम होऊन खड्डा टेकडीसारखा व टेकडी खड्ड्यासारखी दिसू लागते.

तिसरे साधन म्हणजे त्रिमितिदर्शक. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि मेंदूला त्यांतून खोलीचे ज्ञान होते. विमानातील कॅमेरा ठराविक अंतराने चित्रे घेतो, तेव्हा लागोपाठच्या दोन चित्रांत सुमारे ६० टक्के भाग समान ठेवतात. ती दोन चित्रे शेजारी ठेवून दोन भिंगांच्या साध्या यंत्रातून पाहिली असता इमारती कागदावरून उभ्या राहिल्याचा भास होतो. ज्याचे डोळे एकमेकांपासून काही शेकडो मीटर दूर आहेत अशा राक्षसाची दृष्टीच जणू पाहणाऱ्यास लाभते.

मेडमेनहॅम येथील वाचक

इंग्लंडमध्ये टेम्स नदीकाठी मेडमेनहॅम येथील डेन्सफील्ड हाऊस या वाड्यात १९४१ पासून छायाचित्र-वाचनाचे मध्यवर्ती केंद्र होते. काम तीन टप्प्यांत चाले. विमान उतरल्यावर काही तासांतच तातडीच्या गोष्टींची वार्ता धाडली जाई. दिवसाच्या आत दुसरे वाचन होई. त्यानंतर जहाजे, विमाने, कारखाने अशा विषयांचे तज्ज्ञ तीच चित्रे सावकाश अभ्यासत. जुन्या चित्राशी नव्याची तुलना हा या कामाचा प्राण होता. काल नसलेला रस्ता आज दिसला, तर तो कोठे जातो हे पाहिलेच पाहिजे.

बाल्टिक समुद्रातील उसेडोम बेटावर पेनेम्युंडे येथे जर्मनांचे अस्त्रसंशोधन चाले. मे १९४२ मध्ये एका वैमानिकाने ती जागा प्रथम टिपली. चित्रांत मोठी वर्तुळाकार बांधकामे दिसली, परंतु त्यांचा अर्थ त्या वेळी लागला नाही. पुढे अग्निबाणांचा पुरावा मिळाल्यावर १७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी तेथे बाँब टाकले.

त्या शरद ऋतूत उत्तर फ्रान्समध्ये नव्या प्रकारची बांधकामे आढळली. त्यांतील काही लांब इमारतींचे एक टोक वळलेले असल्यामुळे त्या वरून बर्फावरच्या स्कीसारख्या दिसत. प्रत्येक ठिकाणी एका उतरत्या मार्गाचा पाया होता आणि त्यांपैकी बहुतेकांचा रोख लंडनकडे होता. हे कशासाठी, याचे उत्तर मात्र तेथील चित्रांत नव्हते.

विमानांच्या विभागाच्या प्रमुख कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांना नोव्हेंबर १९४३ मध्ये पेनेम्युंडेच्या चित्रांत वैमानिकाविना उडणारे एखादे अतिशय लहान विमान शोधण्यास सांगण्यात आले. जुनी चित्रे पुन्हा चाळताना त्यांना एक मिलिमीटरहूनही लहान असा पांढुरका क्रूस सापडला. नंतर किनाऱ्यावरील काही उतरत्या बांधकामांकडे त्यांचे लक्ष गेले. गाळ काढण्याची यंत्रे म्हणून त्यांची पूर्वी वासलात लावण्यात आली होती. २८ नोव्हेंबर रोजी टिपलेल्या नव्या चित्रात अशाच एका उतारावर तो लहान क्रूस चढविलेला दिसला. त्याच उड्डाणात जवळच्या झेम्पिन येथे फ्रान्समधल्यासारख्याच इमारती आढळल्या. कोड्याचे दोन्ही भाग जुळले : फ्रान्समधील बांधकामे ही व्ही-१ या उडत्या बाँबची प्रक्षेपणस्थाने होती.

यानंतर त्या स्थानांवर हल्ले सुरू झाले. जर्मनांनी ती सोडून देऊन साधी, सहज न दिसणारी स्थाने उभारली, आणि १३ जून १९४४ रोजी पहिला व्ही-१ लंडनवर पडला. या अस्त्राने ब्रिटनमध्ये सहा हजारांहून अधिक बळी घेतले. परंतु मारा लांबला आणि संरक्षणाची सिद्धता करण्यास अवधी मिळाला.

डोळा आणि बुद्धी

या कथेत शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की तो पांढुरका क्रूस काही महिन्यांपूर्वीच्या चित्रांतही होता. काचा त्याच होत्या, तज्ज्ञही निष्णात होते. पण काय शोधावयाचे हे ठाऊक नसल्यामुळे तो कोणास दिसला नाही. निरीक्षण हे केवळ डोळ्याचे काम नव्हे. योग्य प्रश्न मनात असल्यावाचून पुरावा मुका राहतो. उलट एकदा दिलेले उत्तर घट्ट धरले, तर उतार हे गाळाचे यंत्रच ठरते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पेनेम्युंडेवरील हल्ल्यात लक्ष्यदर्शक दिवे काही अंशी भलत्या जागी पडले आणि त्रासेनहाइडे येथील छावणीतील शेकडो परदेशी मजूर मृत्युमुखी पडले. वरून घेतलेले चित्र छपरे दाखविते. छपराखाली कोण झोपले आहे हे ते सांगत नाही. या मर्यादेचे भान वाचणाऱ्याने आणि त्यावरून आज्ञा देणाऱ्यानेही ठेवावयास हवे.

हीच विद्या शांततेच्या कामीही येते. भारतात १९६६ मध्ये नेदर्लंड्सच्या सहकार्याने डेहराडून येथे हवाई छायाचित्रांच्या वाचनाचे शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली. तीच आज भारतीय सुदूर संवेदन संस्था म्हणून ओळखली जाते. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेल्यापासून आपल्या भूमीची चित्रे आपल्याच उपग्रहांकडून येऊ लागली. पिके, अरण्ये, पूर आणि भूजल यांचा शोध त्यांवरून घेतला जातो. तेथेही प्रमाण, सावली, तुलना आणि शंका ही जुनीच साधने लागतात. वाचकाने आपल्या गावाचे उपग्रहचित्र उघडून एखाद्या पाण्याच्या टाकीची सावली मोजून पाहावी. टाकीची उंची काढण्याचे हे छोटे कोडे त्या मोठ्या विद्येचा पहिला धडाच होय.