छावणीकडे गेलेली वाट

‘आमचे पणजोबा पलटणीत होते,’ असे सांगणारी घरे आपल्या समाजात आजही आढळतात. त्या सांगण्यात अभिमान असतो आणि किंचित संकोचही. कारण ती पलटण इंग्रजांची होती. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी लढलेल्या कंपनीच्या तुकडीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. तेथील विजयस्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. या राजनिष्ठेचा अर्थ काय लावावा, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

गावात महाराच्या वाट्याला वतनाची राबणूक होती. पाणवठा मात्र नव्हता. छावणीत ठरलेला पगार होता, पेन्शन होती आणि शाळा होती. सैनिकांच्या मुलांनाच नव्हे, तर मुलींनाही तेथे शिकावे लागे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे मालोजी सकपाळ पलटणीत गेले. त्यांचे पुत्र रामजी सुभेदार आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. बाबासाहेबांचा जन्म 1891 साली महूच्या छावणीत झाला, तो या स्थलांतरामुळेच. दापोलीस निवृत्त सैनिकांची वस्ती बसली आणि लिहितावाचता येणारा, सरकारदरबारी अर्ज करू शकणारा वर्ग तयार झाला.

पुढे ‘लढाऊ जाती’ कोणत्या हे ठरवणाऱ्या धोरणाने 1890 नंतरच्या काही वर्षांत महारांची भरती बंद झाली. दापोलीचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला; 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या लेखनात राजनिष्ठेची भाषा आहे खरी. पण मला ती थकबाकीदार ऋणकोपुढे मांडलेल्या हिशेबासारखी वाटते.

असेच अमेरिकेतही घडले होते. तेथील स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांकडून लढलेल्या कृष्णवर्णीय गुलामांना मुक्तीचे वचन मिळाले. 1783 मध्ये सुमारे 3,000 जण नोव्हा स्कॉशियास गेले. जमीन मिळेना, म्हणून थॉमस पीटर्स गाऱ्हाणे घेऊन लंडनला पोहोचला आणि 1792 मध्ये जवळजवळ 1,200 लोक सिएरा लिओनला निघून गेले. निष्ठेचे मोल तेथेही मागूनच घ्यावे लागले.

पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडताच सरकारने 1917 साली महारांची पलटण उभारली आणि 1921 साली मोडली. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, ते ही वागणूक ठाऊक असतानाच. महार रेजिमेंट उभी राहण्यास 1941 साल उजाडावे लागले.

आपल्या मुळशीपासून फार दूर नसलेले देहूरोड हे लष्करी डेपोंभोवती वाढलेले गाव. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी तेथे आपल्या हाताने बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. छावणीकडे गेलेली ती जुनी वाट आज आपल्या मुलांना सहलीसाठी त्या विहारापर्यंत नेते.