कारवी ते कारवी

2024 मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली. दर आठ वर्षांनी एकदाच फुलायचं, हा तिचा शिरस्ता. शेजारचा मुलगा फोनवर फोटो काढून आला. कारवी जांभळीभडक! "काका, रंग जरा उचललाय," म्हणाला. मी हसलो, पण लागलं. फुलाचा रंग आपल्यासाठी नसतो, हे वर्गात सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली.

त्यामागचा इतिहास मी दरवर्षी दहा मिनिटांत उरकायचो. श्प्रेंगेलनं 1793 मध्ये पाकळ्यांवरच्या खुणांना मधाकडे नेणाऱ्या वाटा म्हटलं. पुढे म्युनिकचे नेत्रतज्ज्ञ फॉन हेस यांनी मधमाशीला रंगांधळी ठरवलं. कार्ल फॉन फ्रिशनी राखाडी कागदांत एक निळा ठेवून, त्यावरच्या साखरपाण्याची चटक लावून, 1914 मध्ये त्यांना खोटं पाडलं. माशीला लाल दिसत नाही, अतिनील दिसतं, हेही यथावकाश पक्कं झालं. झालं, घंटा.

माझे खरे दिवस 2000 ते 2008, म्हणजे कारवी ते कारवी. एका मित्रानं कॅमेऱ्यासाठी अतिनील तेवढं आत सोडणारी काळी काच मिळवली होती. गच्चीवर रणरणत्या उन्हात कुंडीतलं सूर्यफूल, समोर तिपाई. एकेका फोटोला काही सेकंद लागत, तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली की गेलं. रोल धुऊन आला तेव्हा आम्ही दोघंही गप्प. आपल्याला सलग पिवळी दिसणारी पाकळी टोकाला पांढरी होती, बुडाशी काळी मिट्ट. फुलाच्या मधोमध नेम धरायला काढावं तसं वर्तुळ.

2008 मध्ये हेमा सोमनाथन, रेनी बॉर्जेस आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी दाखवलं, की भीमाशंकरच्या रानातला एक निशाचर भुंगा नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही रंग ओळखतो. आपल्याला तिथे सगळं करडं.

त्याच वर्षी एका मुलीनं पेपरात लिहिलं, 'मधमाशीला लाल दिसत नाही.' मी गुण दिला. मॉडरेटरनी खोडला. म्हणे, "लाल फुलांवर माश्या बसलेल्या मी पाहिल्यात." बसतात की! त्यासाठी लाल दिसावं लागत नाही. वास असतो, काही लाल फुलांतून अतिनील परततं, नाहीतर हिरव्यावर काळपट आकार तरी दिसतो. पळस-पांगाऱ्याचं लाल मुख्यतः पाखरांसाठी. मी भांडलो. गुण गेला तो गेलाच.

2016 चा बहर गुडघ्यांनी खाल्ला.

आणि 2022 मध्ये सूर्यफुलानंच दगा दिला. ते काळं वर्तुळ ज्या रसायनांमुळे उमटतं, ती पाकळीतलं पाणीही राखतात, आणि कोरड्या हवेतल्या रानटी सूर्यफुलांत वर्तुळ मोठं असतं, असं मार्को तोदेस्को आणि सहकाऱ्यांना आढळलं. माशी तिथे येतेच, पण वर्तुळ एकट्या तिच्यासाठी नाही. आणि मी मात्र तीस वर्षं ते तिच्यासाठीच असल्याचं छातीठोकपणे शिकवलेलं.

तो गच्चीवरचा फोटो अजून कपाटात आहे. परवा शेजारच्या मुलाला दाखवला. उलटसुलट करून पाहिला त्यानं.

"काका, यात रंगच नाहीये."