मायक्रोवॅटचा हिशेब

टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो, पण काचेवरच्या त्या स्टिकरमध्ये सेल नसतो. वर टांगलेला रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडतो आणि टॅगमधली चिप त्यातूनच स्वतःपुरती वीज काढते. सेकंदाला ८६ कोटींहून अधिक आवर्तने करणारा प्रवाह एका दिशेला वळवणारा रेक्टिफायर तिच्या पोटातच असतो. हाती येते ती वीज मायक्रोवॅटमध्ये मोजायची. त्यातली वापरायला किती उरली, हे ठरवणे भल्याभल्यांना घाम फोडते.

मोठ्या शक्तीवर लहरींतून वीज काढण्याचे काम पूर्वीच जमले आहे. रेथिऑन कंपनीच्या विल्यम ब्राउन यांनी १९६४ मध्ये मायक्रोवेव्हच्या झोतावर छोटे हेलिकॉप्टर तरंगत ठेवले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला सुमारे दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून अधिक वीज पोहोचली. तिथल्या रेक्टिफायरांची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या वर होती.

शक्ती घटली की रेक्टिफायरमधला डायोड रुसतो. ५० ओहमवर १०० मायक्रोवॅट म्हणजे जेमतेम ०.१ व्होल्टचे शिखर. १० मायक्रोवॅटला तर ३२ मिलिव्होल्ट. साध्या सिलिकॉन डायोडला नीट वाहायला ०.६-०.७ व्होल्ट लागतात. म्हणून शॉट्की डायोड घ्यायचा आणि त्याच्या आधी व्होल्टेज चढवणारे मॅचिंगचे सर्किट बसवायचे.

आता मोजणी. बाहेरची बाजू सोपी. समजा ५ किलोओहमच्या लोडवर ०.४ व्होल्ट मिळाले, तर वीज झाली ३२ मायक्रोवॅट. आत १०० गेले असतील तर कार्यक्षमता ३२ टक्के. साध्या मल्टिमीटरचा रोध १० मेगाओहम असल्याने त्याचा उपद्रव नगण्य. फक्त त्याच्या वायरी गाळणाऱ्या कॅपॅसिटरच्या पलीकडे लावाव्यात, नाहीतर त्याच अँटेना होऊन बसतात.

खरी मेख त्या १०० मध्ये आहे. सिग्नल जनरेटरच्या पडद्यावर दिसणारा आकडा सर्किटपर्यंत पोहोचतोच असे नाही. केबलमध्ये १ डेसिबल गेला तरी पाचवा हिस्सा बुडाला. त्यामुळे सर्किट काढून त्याच केबलच्या टोकाला पॉवर मीटर लावून बघावे. ऑसिलोस्कोपचा प्रोब डायोडवर टेकवण्याचा मोह मात्र टाळावा. त्याची १० पिकोफॅरड धारिता ९०० मेगाहर्ट्‌झला सुमारे १८ ओहमची वाट मोकळी करते. मग मोजता ते सर्किट मूळचे राहतच नाही.

शिवाय काही वीज सर्किटच्या दारातूनच माघारी फिरते. हे परावर्तन नेटवर्क अ‍ॅनलायझरवर दिसते, पण डायोड सरळमार्गी नाही: शक्ती बदलली की त्याचा रोध बदलतो. १ मिलिवॅटला जुळवलेले मॅचिंग १० मायक्रोवॅटला बिघडलेले असू शकते. म्हणून परावर्तनही प्रत्यक्ष वापराच्या शक्तीलाच तपासायचे. काहीजण परतलेली वीज वजा करून उरलेल्यावर टक्केवारी काढतात. डायोडच्या अभ्यासाला ते चालेल. टॅग बनवणाऱ्याला तो आकडा फसवा वाटेल, कारण परतलेली वीज त्याच्या कामाची नसते.

तेव्हा अशा सर्किटची कार्यक्षमता कोणी नुसती ‘७० टक्के’ सांगितली, तर किती मायक्रोवॅटला, कोणत्या लोडवर आणि परावर्तन धरून की सोडून, हे आधी विचारा.